पावसाळ्यातला माठ आणि थर्मल कॅमेरा : दुरुस्तीनंतरही परत येणाऱ्या ओलीचा उगम कसा शोधावा

ठाण्यात पाचपाखाडी, नौपाडा, वर्तकनगर, कळवा अशा जुन्या वस्त्यांमधील सोसायट्यांतून गळती शोधण्याची जी कामे माझ्याकडे येतात, त्यांतील बरीचशी एकदा दुरुस्त होऊन परत आलेल्या ओलीची असतात. शयनगृहाच्या भिंतीवर किंवा न्हाणीघराच्या छतावर डाग उमटतो, वरच्या मजल्यावरील सभासद आपल्या न्हाणीघराच्या टाइल्स फोडून नव्याने वॉटरप्रूफिंग करून घेतो, डाग वाळतो, रंग दिला जातो आणि पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये त्याच जागी पोपडे पुन्हा सुटू लागतात. मग कोणीतरी थर्मल कॅमेरा आणण्याचे सुचवते. त्याच्या पडद्यावर एकतर काहीच दिसत नाही किंवा सगळी भिंतच निळी दिसते, आणि पैसे फुकट गेले असे कमिटीला वाटते.

पाचपाखाडीतील एका सात मजली इमारतीत हा प्रकार घडला आणि त्यात पहिली चूक माझी होती, म्हणून तेच उदाहरण पुढे अधूनमधून घेतो. चौथ्या मजल्यावरील घराच्या पश्चिमेकडील भिंतीवर, तुळईच्या खाली, दर पावसाळ्यात हातभर ओल येत असे. जुलैमधील एका ओल्या दुपारी मी कॅमेरा लावला, तुळईलगत किंचित थंड पट्टा दिसला, बरोबर वर पाचव्या मजल्याचे न्हाणीघर होते आणि मी अहवालात तेच कारण लिहिले. त्या घरच्या काकूंनी निमूटपणे टाइल्स फोडल्या. पुढच्या ऑगस्टमध्ये डाग तिथेच होता.

जुलैमध्ये कॅमेरा आंधळा का होतो

थर्मल कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही आणि भिंतीच्या आतलेही काही दिसत नाही. पृष्ठभागातून बाहेर पडणारे अवरक्त किरण, साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे, तो टिपतो आणि त्यावरून पृष्ठभागाच्या तापमानाचे चित्र काढतो. ओल ओळखता येते ती ओल्या भागाचे तापमान कोरड्या भागापेक्षा वेगळे असते म्हणून. आणि हे वेगळेपण मुख्यतः बाष्पीभवनामुळे येते. एक किलो पाण्याची वाफ होताना आजूबाजूची सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते, त्यामुळे ओलसर प्लास्टर शेजारच्या कोरड्या प्लास्टरपेक्षा अंश-दोन अंशांनी थंड राहते.

माठातले पाणी एप्रिलमध्ये गार होते आणि जुलैमध्ये होत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. भिंतीचेही तसेच आहे. फेब्रुवारीतील दुपारी हवा ३२ अंश आणि आर्द्रता ४० टक्के असेल, तर ओला कपडा गुंडाळलेला तापमापक सुमारे २२ अंश दाखवतो, म्हणजे बाष्पीभवनाला तब्बल दहा अंशांचा वाव असतो. जुलैमध्ये हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असताना तोच तापमापक साडेसव्वीसच्या आसपास थांबतो. वाव उरला दीड अंशाचा, आणि प्लास्टरच्या आत दडलेल्या ओलीला त्यातलाही थोडासाच मिळतो. चांगल्या कॅमेऱ्याला ०.०५ अंशाचा फरक कळतो हे खरे, पण पंख्याचा वारा, उघडी खिडकी, नुकतीच पुसलेली फरशी यांनी त्याहून मोठे फरक पडत असतात, आणि त्या गोंधळात ओलीचा फरक हरवून जातो. लोक मला बोलावतात ते नेमके याच दिवसांत. त्यामुळे जुलैतल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच ठेवून आधी प्रश्न विचारावेत, असे आता माझे मत झाले आहे.

कॅमेऱ्याआधी नोंदवही

प्रश्न मुख्यतः वेळेचे असतात. डाग बाराही महिने, दिवसरात्र सारखाच ओला राहत असेल, तर पाणीपुरवठ्याच्या बंदिस्त पाइपचा संशय घ्यावा, कारण त्यात दाब सतत असतो. गच्चीवरील टाकीपासून दर दहा मीटर खाली उतरल्यावर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब वाढतो, म्हणून खालच्या मजल्यांवरील बारीक चीरही अहोरात्र पाझरत राहते. सकाळच्या अंघोळीनंतर डाग गडद होऊन रात्री फिकट होत असेल, तर नहाणी ट्रॅप (फरशीवरील सांडपाणी जिथून खाली जाते ते जाळीखालचे भांडे), त्याभोवतीचा सांधा किंवा टाइल्समधील फटी यांकडे पाहावे. पावसाच्या सरीबरोबर तासाभरात डाग उमटत असेल, तर बाहेरची भिंत, खिडकीचा उंबरा, छज्ज्याचा सांधा किंवा पावसाळी पाइप यांचा विचार करावा. आणि पाऊस थांबल्यावर आठवडाभरानंतरही पाणी ठिबकत राहत असेल, तर गच्चीवरील ब्रिकबॅट कोब्यात, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंट यांच्या थरात, साठलेले पाणी हळूहळू उतरत आहे असे समजावे.

ही नोंद घरातील माणसांनीच पंधरा दिवस ठेवायची असते. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहावी, त्या दिवशी पाऊस होता का, वरच्या घरातले लोक गावी गेले होते का, हेही लिहावे. गणपतीला वरचे कुटुंब आठ दिवस कोकणात गेले आणि त्या आठ दिवसांत डाग वाळला, असे कोणी सांगितले की निम्मे काम झाले. मात्र त्याच आठवड्यात पावसानेही उघडीप दिली नव्हती ना, हे तपासायला विसरू नये. पाचपाखाडीच्या त्या घरात मी ही चौकशी नीट केली असती, तर डाग फक्त मोठ्या सरींनंतर वाढतो आणि अंघोळीशी त्याचा काही संबंध नाही, हे पहिल्याच भेटीत कळले असते.

पंख्याच्या हुकातून किंवा दिव्याच्या पॉइंटमधून पाणी येत असेल, तर इतर कुठलीही तपासणी करण्यापूर्वी त्या सर्किटचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) बंद करावा. स्लॅबमधील वायरिंगचे पाइप हे पाण्याचे आवडते मार्ग आहेत, आणि अशा ठिकाणी ठिबकणारे पाणी उगमापासून दोन खोल्या दूरही बाहेर पडू शकते.

तापमानातला फरक आपणच निर्माण करावा

निसर्ग फरक देत नसेल तर तो कृत्रिमरीत्या घडवून आणावा लागतो, आणि गळतीच्या प्रत्येक प्रकारासाठी त्याची रीत वेगळी आहे.

गरम पाण्याच्या बंदिस्त पाइपचे काम सर्वांत सोपे. गीझर चालू करून त्या लाइनमधून वीस-तीस मिनिटे पाणी सोडावे आणि भिंतीवर लक्ष ठेवावे. धड पाइप पडद्यावर सरळ, सारख्या रुंदीच्या रेघेसारखा उमटतो. चीर असेल तिथे ती रेघ फुगते आणि खालच्या बाजूला ढगासारखी पसरते. थंड पाण्याच्या लाइनसाठी गच्चीवरील टाकीचाच उपयोग करता येतो. उन्हाळ्यात दुपारी प्लास्टिकच्या टाकीतील पाणी चांगले कोमट झालेले असते आणि पहाटे ते निवलेले असते. भिंत मात्र इतक्या झपाट्याने तापत किंवा निवत नाही. त्यामुळे दुपारी तीनच्या सुमारास नळ सोडल्यास तीच लाइन भिंतीवर उष्ण रेघ म्हणून दिसू लागते. तरीही शंका राहिली तर प्लंबरकडून पाइपची तोंडे बंद करून, हातपंपाने दाब देऊन गेज (दाबमापक) तासभर पाहावा. काटा उतरला तर गळती नक्की आहे, कॅमेऱ्याने फक्त जागा दाखवायची राहते. काटा स्थिर राहिला तर ती लाइन निर्दोष समजून पुढे जावे. तेवढ्यासाठी टाइल्स फोडण्याचे कारण नाही.

न्हाणीघराच्या फरशीचे प्रकरण अधिक किचकट आहे. जुन्या इमारतींत न्हाणीघराचा आणि संडासाचा स्लॅब खाली दाबलेला असतो आणि त्यावर फुटभर विटांचे तुकडे भरून मग फरशी बसवलेली असते. वरून झिरपलेले पाणी या भरावात साठते, भराव स्वतःच एका छोट्या टाकीसारखा होतो, आणि स्लॅबला जिथे तडा किंवा पाइपभोवती पोकळी सापडेल तिथून ते खाली उतरते. म्हणून खालच्या छतावरील डागाच्या बरोबर वर उगम असेलच असे नाही. तो बहुधा चार-पाच फूट बाजूला, नहाणी ट्रॅपच्या कडेला असतो. येथे पाण्याने भरून ठेवण्याची चाचणी करावी: ट्रॅपचे तोंड फुग्याने किंवा बुचाने घट्ट बंद करून फरशीवर इंच-दीड इंच पाणी चोवीस तास उभे ठेवावे. त्या पाण्यात खाण्याचा रंग मिसळला, तर खाली उतरलेले पाणी याच घरातले आहे, हे वादाला जागा न ठेवता सिद्ध होते. फरशी कोरडी ठेवून फक्त ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी ओतण्याची दुसरी चाचणी वेगळ्या दिवशी करावी, म्हणजे दोष फरशीचा की पाइपच्या सांध्याचा, हे वेगळे काढता येते. दोन्ही एकाच दिवशी उरकण्याचा मोह होतो आणि मग उत्तर कोणत्या चाचणीचे, तेच कळत नाही.

या चाचणीत अंघोळीइतके ऊन पाणी वापरावे, उकळते नको, कारण पीव्हीसीच्या पाइपांना ते सोसत नाही. खालून कॅमेरा रोखला असता अर्ध्या तासात छतावर उबदार ठिपका दिसला, तर त्याचा अर्थ स्पष्ट आहे. काँक्रीटमधून उष्णता फार सावकाश सरकते. साधा दीडशे मिलिमीटरचा स्लॅब पार करून तिला पुरते पोहोचायला कित्येक तास लागतात, आणि जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट होतो. तेव्हा भराव आणि स्लॅब ओलांडून इतक्या लवकर खाली आलेली ऊब निव्वळ उष्णतेची नसते, पाणी स्वतः वाट काढून आलेले असते. उलट रात्रभरानंतर सगळे छतच थोडे उबदार दिसू लागले, तर ती नुसती झिरपलेली उष्णता आहे, तिच्यावरून कोणाला दोष देऊ नये.

गच्चीसाठी वेळ सूर्यास्तानंतरची. वजनास वजन धरले तर पाण्याची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता काँक्रीटच्या चौपटीहून जास्त आहे. दिवसभर तापलेल्या गच्चीचा कोरडा भाग सूर्य मावळल्यावर भराभर निवतो आणि आत पाणी मुरलेला भाग तासभर, दोन तास उबदार राहतो. आकाश निरभ्र आणि वारा कमी असावा, त्यामुळे ऑक्टोबरचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी-मार्च हे महिने उत्तम. पण कोबा जाड असेल तर हा फरक पुसट होतो, हेही सांगितले पाहिजे. अशा गच्चीवर पाणी अडवून ठेवण्याची चाचणी आणि खालच्या छतावरून पाहणी यांवरच मी जास्त भिस्त ठेवतो.

बाहेरच्या भिंतीवर पाइपने पाणी मारायचे, ते खालून वर अशा क्रमाने, एका पट्ट्यावर वीस-तीस मिनिटे, आणि प्रत्येक पट्ट्यानंतर आतून पाहणी करायची. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळ्याच फटींतून आत शिरतो आणि दोषी फट कोणती हे कळत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात वारा प्रामुख्याने नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून येतो, म्हणून त्या बाजूच्या भिंती, आणि त्यांतही काँक्रीटची तुळई व विटांची भिंत जिथे भेटतात तो सांधा, आधी तपासावा. घोडबंदर रस्त्यावरील पस्तीस-चाळीस मजली मनोऱ्यांत हे काम दोरावरून उतरणारे कामगार किंवा ड्रोन यांशिवाय होत नाही, तो विषय वेगळा आहे.

निळा रंग म्हणजे ओल नव्हे

बहुतेक कॅमेरे चित्रातील सर्वांत थंड बिंदूला निळा आणि सर्वांत उष्ण बिंदूला लाल-पिवळा रंग आपोआप देतात, मग त्या दोहोंत अर्ध्याच अंशाचा फरक का असेना. त्यामुळे निरोगी भिंतही भयंकर दिसू शकते. रंगांची ही स्वयंचलित तापमानपट्टी बंद करून पाच-सहा अंशांची ठरावीक मर्यादा ठेवावी आणि सगळ्या घरात तीच कायम ठेवावी. वातानुकूलित गाडीतून उतरून थेट घरात आल्यावर पंधरा मिनिटे कॅमेऱ्याला खोलीच्या हवेत स्थिरावू द्यावे. पावसाळ्यात तर भिंगावर चक्क दव साचते.

फसवणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. काँक्रीटचा खांब आणि शेजारची विटांची भिंत वेगवेगळ्या वेगाने तापतात, म्हणून पडद्यावर खांब सरळ कडांचा थंड पट्टा बनतो; ओलीच्या कडा इतक्या सरळ कधीच नसतात. एसीचा झोत जिथे पडतो तिथे भिंत थंड होते. ताजी पुट्टी वाळेपर्यंत थंड दिसते, आणि आतून सुटलेले पोकळ प्लास्टर कोरडे असूनही वेगळ्या रंगाचे दिसते. चकचकीत टाइल्स आणि नळांच्या धातूवर तर आपलेच प्रतिबिंब पडते. दोन पावले बाजूला सरकून पाहावे, ठिपका आपल्याबरोबर सरकला तर तो आपलाच आहे. चुन्याचे प्लास्टर, सिमेंट, रंग यांची उत्सर्जकता, म्हणजे स्वतःचे उष्णताकिरण बाहेर टाकण्याची क्षमता, जास्तीत जास्त १ पैकी ०.९० ते ०.९५ च्या आसपास असते, त्यामुळे रंगवलेल्या भिंतीवरचे मापन विश्वासार्ह असते. पॉलिश केलेल्या स्टीलवरचे आकडे वाचूच नयेत.

म्हणून प्रत्येक संशयित जागेवर मॉइश्चर मीटर टेकवून पाहणे मी सक्तीचे मानतो. टोचणीचा मीटर विद्युतरोध मोजतो आणि त्याची टक्केवारी मुळात लाकडासाठी ठरवलेली असते. प्लास्टरवर तिचा उपयोग फक्त तुलनेपुरता करावा, म्हणजे त्याच भिंतीच्या निःसंशय कोरड्या भागाचे वाचन घेऊन त्याच्याशी ताडून पाहावे. जुन्या भिंतीला लोणा (पांढरा खारा थर) लागला असेल, तर क्षारांमुळे कोरड्या जागीही आकडा फुगतो, हे लक्षात ठेवावे. कॅमेरा आणि मीटर दोघांचेही एकमत झाले तरच अहवालात ओल असे लिहावे. त्या अहवालात चाचणीची वेळ, खोलीचे तापमान, आर्द्रता आणि प्रत्येक थर्मल चित्राशेजारी त्याच जागेचे साधे छायाचित्र नसेल, तर सोसायटीने तो परत पाठवावा.

हा काटेकोरपणा खर्च कोणी करायचा यासाठीही लागतो. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्यामुळे झालेली वरच्या मजल्याच्या छताची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने होते, तर संडास, सिंक इत्यादींमुळे होणारी अंतर्गत गळती सभासदाने स्वतः दुरुस्त करायची असते. नवी इमारत असेल, तर रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत निदर्शनास आणलेले बांधकामातील दोष विकासकाने तीस दिवसांत विनामूल्य दूर करायचे असतात. उगम चुकीचा लिहिला गेला की बिल चुकीच्या दारात जाते, जसे त्या काकूंच्या दारात गेले.

दुरुस्ती फसली, की पाणी अजून उतरते आहे?

दुरुस्तीनंतर आठवड्याने डाग तसाच पाहून गवंड्याला शिव्या घालण्याची घाई होते. फुटभर भरावातील पाणी वाळायला आठवडे लागतात, पावसाळ्यात त्याहून जास्त. दर आठवड्याला त्याच चार बिंदूंवर मीटरचे वाचन घ्यावे. आकडा हळूहळू का होईना उतरत असेल, तर थांबावे. तीन आठवडे तो जागचा हलला नाही किंवा वाढला, तरच दुसरा उगम शोधायला निघावे. सळया उघड्या पडून गंजल्या असतील, तर मात्र थांबू नये. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते, तो आतून काँक्रीट फोडत जातो, आणि ते काम स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे सोपवावे.

पाचपाखाडीत दुसऱ्यांदा मी फेब्रुवारीत गेलो. भिंत पूर्ण कोरडी होती, मीटरही तेच सांगत होता, म्हणजे बाराही महिने पाणी असलेली पाइपलाइन आणि रोज वापरातले न्हाणीघर दोन्ही एका फटक्यात बाद झाले. दुपारी चार वाजता, पश्चिमेच्या उन्हाने भिंत तापलेली असताना, तळटाकीतील गार पाणी खालून वर मारत नेले. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या पट्ट्यांत काही उमटले नाही. मग वॉचमनने आठवण करून दिली, "साहेब, कोपऱ्यातला पावसाळी पाइप मोठ्या पावसात सहाव्या मजल्यापाशी फुरफुरतो." गच्चीवरून त्या पाइपमध्ये सलग पाणी सोडले, आणि चाळीस मिनिटांत चौथ्या मजल्याच्या तुळईखाली उबदार भिंतीवर जिभेसारखा थंड आकार खाली उतरू लागला. मीटरने तो लगेच ओल म्हणून पक्का केला. सहाव्या मजल्यावरील तडकलेल्या सांध्यातून पाणी मागच्या भिंतीवर आपटत होते, तुळई आणि विटांमधील फटीतून आत शिरून खांबाच्या कडेने दोन मजले उतरत होते. पाचव्या मजल्यावर त्या जागी लाकडी पॅनेलिंग असल्यामुळे तिथला डाग कोणाला दिसलाच नव्हता.

मे महिन्यात पाइपचा तुकडा बदलला, तुळईलगतची फट खोदून जाळी ठोकून बुजवली आणि बाहेरून त्या पट्ट्याचे प्लास्टर नवे केले. पॅनेलिंग काढल्यावर मागे काळी बुरशी निघाली. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये घेतलेली वाचने शेजारच्या कोरड्या भिंतीइतकीच राहिली, तरी रंग दिवाळीनंतरच द्यायचा, असे मी कमिटीला लेखी कळवले. पहिल्या वर्षीचा माझा अहवाल चुकीचा होता, हेही त्याच पत्रात लिहिले, कारण काकूंना टाइल्सचा खर्च सोसायटीकडे मागताना तो कागद लागणार होता.